बियाण्याच्या पाकिटामागचे शब्द

मला शब्दांचा नाद आहे, आणि आता त्या नादाची मला शिसारी येते.

अमरावतीच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी सव्वीस वर्षं जीवशास्त्र शिकवत आले. पोरांना इंग्रजी नावं पाठ होत नाहीत, म्हणून मी नावांची कुळकथा सांगायची. 'मसल' म्हणजे लॅटिनमध्ये छोटा उंदीर. दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं ना, म्हणून. 'प्युपिल' म्हणजे छोटी बाहुली, कारण समोरच्याच्या डोळ्यात आपलीच इवलीशी आकृती दिसते. पोरं खूश, आणि मी पोरांपेक्षा जास्त खूश.

पण माझा खरा विद्यार्थी वर्गात कधी बसलाच नाही. तो हिवरखेडला होता, माझा मोठा भाऊ. नववीपर्यंत शाळा, मग जन्मभर झेंडू, वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. औषधाच्या पट्टीवर, फवारणीच्या डब्यावर, कुठेही अवघड इंग्रजी शब्द दिसला की दादा तो बियाण्याच्या रिकाम्या पाकिटामागे उतरवून ठेवायचा. मी माहेरी गेले की चहाच्या आधी पाकिटं पुढ्यात. धीर धरवला नाही तर फोन करून एकेक अक्षर वाचायचा. "बाई, याची गोठ सांग." उंदराची गोष्ट ऐकून म्हणाला होता, "आपल्याइकडं तं बेटकुळी म्हनतेत. त्याइले उंदीर दिसला अन् आपल्याले बेडूक!" बाहुलीच्या वेळी तर बाजेवरून उठूनच बसला. "अव बाप्पा! आपनबी डोयातली बाहुलीच म्हनतो. हे त्याइले कोनं सांगतलं?" त्याच्या त्या अचंब्यासाठी मी नवे शब्द शोधून ठेवायची.

गेल्या श्रावणात त्याचा फोन आला. डी, वाय, एस, पी, एच... मी पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नाही.

"डिस्फेजिया!" मी म्हणाले. "ग्रीक हाय दादा. डिस म्हंजे कठीन, अन् फेजिन म्हंजे खानं. घास गियाले त्रास. अन् मजा सांगू? अन्ननलिकेचं इंग्रजी नाव हाय ना, त्यातबी हेच खानं बसलं हाय. खाल्लेलं वाहून नेनारी. म्हंजे हमालच!"

"हमाल थकला म्हनायचा मंग," तो म्हणाला. मी खदाखदा हसले. तोही हसला.

पंधरा दिवसांनी दुसरा शब्द आला, स्टेनोसिस. माझी तर चंगळच झाली. "स्टेनोस म्हंजे अरुंद. कोर्टात स्टेनो असते ना, ते थोडक्या जागेत बारीक लिहिते. तोच शब्द!"

"म्हंजे रस्ता बारीक झाला?"

"हो. कोनतीबी नळी बारीक झाली का स्टेनोसिस."

"अन् लयच बारीक झाली तं?"

"तं ट्राफिक जाम!" मी म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर पुन्हा हसले.

काहून विचारून राहिला रे दादा? एवढंच विचारायचं होतं मला. पाच शब्द, त्यांना ना ग्रीक लागत होतं ना लॅटिन. माझ्यासारख्या शहाणीला ते सुचलेच नाहीत.

भाऊबीजेला गेले तेव्हा अंगणात वहिनी बियाण्यासाठी झेंडूची फुलं वाळवत होती. दादा पाटावर बसला, आणि त्याच्या सदऱ्याची कॉलर मानेभोवती मोकळी फिरताना मला दिसली. मी करंजी पुढे केली. त्याने ती बाजूला ठेवली आणि पेल्यातली ज्वारीची पातळ आंबील घोट घोट पीत राहिला.

"इतका कसा वाळला तू?" मी त्याच्यावर डाफरलेच.

उत्तर वहिनीने दिलं. "श्रावनापासून भाकर उतरत नाई त्याइच्या गयाखाली. म्या म्हटलं, बाईले सांगा. तं म्हने, बाईले विचारलं म्या, साधं हाय."

"मले कधी विचारलं?"

दादा उठला आणि फळीवरची पाकिटं घेऊन आला. त्यांच्यामध्ये अकोल्याच्या डॉक्टरचा कागद घडी करून ठेवलेला होता. कागदावर तेच दोन शब्द होते, पुढे प्रश्नचिन्ह, आणि खाली एंडोस्कोपी ताबडतोब करा म्हणून लिहिलेलं. त्या लिहिण्याखाली डॉक्टरने दोन रेघा ओढल्या होत्या. तारीख श्रावणातली.

"मंग गेला काहून नाई?" मी ओरडले.

"दसऱ्याचा झेंडू उभा होता." मग उलट माझीच समजूत काढल्यासारखा तो म्हणाला, "अन् मले भेव वाटे बाई. म्हनून तुले विचारलं. तू हासली, तं मले वाटलं, मोठं काही असतं तं हे हासली नसती."

मी त्याच्या पुढ्यात बसून रडले. ओवाळणीचं ताट तसंच राहिलं. डोंबलाचं माझं ज्ञान! गावातलं कुणीही अडाणी माणूस फोनवर असतं तर त्याने आधी विचारलं असतं, कोणाले होऊन राहिलं हे?

चार दिवसांत आम्ही अकोल्याला गेलो. बायोप्सी झाली. बायोस म्हणजे जीवन, ऑप्सिस म्हणजे पाहणं, हे बाकावर बसल्या बसल्या माझ्या डोक्यात आपोआप आलं, आणि मला स्वतःचे केस उपटावेसे वाटले. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला, यकृतापर्यंत गेलेला. डॉक्टर म्हणाले, श्रावणातच एंडोस्कोपी झाली असती तर ऑपरेशनचा विचार करता आला असता. कदाचित. त्या 'कदाचित'वर मी आजवर जगते आहे, म्हणजे जगत नाहीच खरं तर.

फाल्गुनापर्यंत औषधं झाली, नळ्या झाल्या. शेवटल्या खेपेला डॉक्टरांनी फाईलवर एक नवा शब्द लिहिला आणि आम्हाला घरी पाठवलं. मी रजा टाकून हिवरखेडलाच राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा ओसरीत बाजेवर पडला होता, फाईल छातीवर. बोट एका ओळीखाली.

"बाई, हा एक राहिला. पी, ए, एल, एल..."

"राहू दे ना दादा."

"सांग. अन् आता हासू नोको."

"पॅलिएटिव्ह," मी म्हणाले. "पॅलियम म्हंजे अंगावर घ्याचं पांघरून."

"मंग यात बरं होनं कुठं हाय?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी शब्दाचा अर्थ सांगताना त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "नाई दादा. बरं होनं नाई यात. दुखनं झाकाचं फक्त."

त्याने मान हलवली आणि फाईल मिटून उशाशी ठेवली. मग आत आवाज दिला, "अवं, आयकलं का? ते झेंडूचं बी देऊन टाक कोनाले. यंदा आपल्याले रोप टाकाचं नाई."

वहिनी ओल्या हातानेच बाहेर आली. "काहून?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि भिंतीकडे तोंड करत म्हणाला, "बाईले विचार."