तीन पाट्या

ब्राह्मी तेलाचा वास आला, की मला वर्सोव्याच्या आमच्या अंगणातली ती सकाळ आठवते. बोटीवरची कप्पी सुटून माझ्या डोक्यात बसली होती, मेंदूला मार लागला होता आणि लहानपणापासून हाताळलेली मासळी मला ओळखू येईनाशी झाली होती. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, आई रोज डोक्याला तेल चोळायची, आणि व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, की याला याचंच काम द्या, मेंदू त्यातूनच परत शिकतो. म्हणून आई बाजाराला जायच्या आधी मी तिची मासळी निवडायचो. मांदेली एका पाटीत, करंदी दुसरीत, बोंबील तिसरीत. बर्फाने बोटं बधिर व्हायची. आई बघून म्हणायची, "एकपण चूक नाही रे." असे दोन महिने गेले. त्या दिवशी फिरायला निघालो आणि टोपी राहिली म्हणून अर्ध्या वाटेतून परतलो. आई उकिडवी बसून माझ्या तिन्ही पाट्या खाली ओतून भराभर परत निवडत होती. "रोज करतेस हे?" मी विचारलं. हात न थांबवता ती म्हणाली, "गिऱ्हाईक ऐकून घेतं का? आणि बाईच बोलल्या, त्याला चुका दाखवू नका, खचेल तो." म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. मी टोपी न घेताच निघून गेलो. आता मासळी मला झटक्यात ओळखू येते. तरी आई "बरोबर आहे" म्हणाली, की मी दारापर्यंत जातो आणि वळून तिचे हात बघतो.