पदर आणि शिंगरू

माझ्या पदरानं आजवर नऊ नाकं पुसली. त्यांतली सात लेकरांची, तीन माझी आणि चार जावेची. उरलेली दोन घोड्यांची. ती पुसायला नको होती, आणि तसं मला आधी सांगितलेलंही होतं. सांगणारी शिकलेली होती, ऐकणारी मी होते.

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. येडशीच्या अलीकडं आमचं शेत, शेतातच घर आणि दाराशी दोन घोड्या. लग्नसराईत नवरदेवाला परण्यासाठी घोडीवर बसवून मारुतीला न्यायचं, हा आमच्या मालकांचा शेतीला जोड असलेला धंदा. पांढरी लग्नाला जायची. तांबडी त्या साली घरीच होती, कारण तिच्या पायाशी महिन्याचं शिंगरू होतं. काटक्यांसारखे पाय, आणि कोंबडी आडवी आली तरी आईच्या पोटाखाली पळायचं. पांढरीचं वय झालं होतं. पुढची लग्नं ह्या शिंगरानं करायची, असं मालकांनी मनात ठरवून टाकलं होतं.

वाशीकडच्या एका लग्नात चार गावच्या घोड्या मांडवामागं एकत्र बांधलेल्या होत्या. तिथून आल्यावर तिसऱ्या दिवशी पांढरी खोकायला लागली. कोरडा, ठसका लागल्यासारखा खोकला. नाकातून पाणी, अंग तापलेलं, तोबऱ्यातले हरभरे जसेच्या तसे. मी ओव्याची धुरी दिली. लेकरांना चालते, तर घोडीला का चालू नये?

मालकांनी धाराशिवहून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना आणलं. अगदी पोरसवदा. त्यांनी घोडीच्या नाकात बोळा फिरवून नमुना घेतला आणि म्हणाल्या, "घोड्यांचा फ्लू वाटतोय. खोकल्यातून उडतो, हाताला, कपड्याला चिकटून जातो. हिला लांब बांधा. बादली वेगळी, तोबरा वेगळा, बघणारं माणूससुद्धा वेगळं. आणि वरात बंद."

"माणूस कशाला वेगळं?" मी म्हणाले. "म्या काय घोडी हाय का, मला फ्लू व्हायला?"

मालक हसले. बाई हसल्या नाहीत. "तुम्हाला नाही होणार, मावशी. तुम्ही नेऊन द्याल."

मी मान डोलावली. मान डोलवायला मला फार छान यायचं.

मग माझा थाट काय सांगू. पांढरी लिंबाखाली, तांबडी आणि शिंगरू घरामागच्या सपरात, मधल्या वाटेवर फिनेल, आणि फाटकात काठी घेऊन मी. एका नवरदेवाचा मामा तणतणत आला. "घोडी न्हाय म्हणता, मग परण्या काय सायकलवर काढायचा का?"

"काढा की. ती खोकत न्हाय."

धाकटी जाऊ शिंगराला बघायला सपरात गेली, तर मी तिच्यावरही खेकसले, पाय धुतल्याबिगर आत गेलीस कशी म्हणून. बिचारी धुऊनच गेली होती.

आणि रोज सकाळी मी काय करायची? पांढरीला पाणी पाजायचं, तिचं गळणारं नाक पदरानं टिपायचं, पदर कमरेला खोचायचा आणि सपरात जायचं. शिंगराचं तोंड दुधानं फेसाळलेलं असायचं. ते कशानं पुसलं, हे आता कशाला विचारता?

पाचव्या दिवशी तांबडी खोकली आणि शिंगरू उठेना. बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. मालक जावेकडं बघून म्हणाले, "कुणाला आत सोडू नगा म्हणालो होतो." मी गप्प बसले, असं लिहिणार होते. पण मी गप्प नव्हते. मी "व्हय" म्हणाले होते.

डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिल्या. छातीत उतरलंय म्हणाल्या. सुई भरली आणि मला शिंगराचं डोकं धरायला सांगितलं. मी मांडीवर घेतलं, "उगी बाळा, उगी" म्हटलं आणि सवयीनं पदरानं त्याचं नाक पुसलं.

सुई बाईंच्या हातात तशीच राहिली.

"मावशी, पांढरीचं नाक कशानं पुसता?"

मी पदराकडं बघितलं. काठ वाळून पापडासारखा कडक झाला होता. पाच दिवस मी तो कमरेला बांधून हिंडत होते, फिनेल शिंपडत होते, दुसऱ्यांचे पाय बघत होते. पदर सोडावा तर अंगाला लागतो, धरावा तर हाताला. मी तो तसाच अधांतरी धरून बसले. जाऊ सपराच्या दारातच उभी होती. तिनं माझ्या पदराकडं बघितलं, मग स्वतःच्या धुतलेल्या पायांकडं.

नमुन्याचा निकाल आला तो फ्लूचाच. दोन्ही घोड्या पुढं हळूहळू सुधारल्या. शिंगराला चार दिवस सुया टोचल्या. पाचव्या सकाळी ते आईच्या पायाशी आडवं पडलेलं होतं, आणि तांबडी त्याला नाकानं ढोसत होती, ऊठ म्हणून.

मालकांनी बांधाच्या कडंला खड्डा काढला, त्याला नेलं, हात धुऊन परत आले. मला काय करावं कळेना, म्हणून मी पांढरीच्या पाण्याची बादली उचलली. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. त्या चार दिवसांत ते पहिल्यांदाच माझ्याशी सरळ बोलले.

"हिकडं म्या बघतो. तू आता तांबडीपाशीच ऱ्हा. तिची कास दाटलीया, जरा पिळून हलकी कर तिला."