बाबांचा हँग होणारा कॉम्प्युटर

लकव्यात बाबांची वाचा गेली, उजवा हात गेला. डोकं मात्र होतं तसंच शाबूत राहिलं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, डाव्या हाताने टाइप करू द्या, मन मोकळं होईल. म्हणून दादाचा जुना कॉम्प्युटर आनंद नगरच्या घरी बाबांच्या खोलीत मांडला. मी कीबोर्डवर मोठी मराठी अक्षरं चिकटवून दिली. बाबा एका बोटाने लिहायला लागले. ‘चहा पाणचट.’ ‘पंखा बंद.’ ‘दार कोणी उघडं टाकलं?’ सगळे हुकूमच. तरी मला बरं वाटलं. जन्मभर कारखान्यात माणसांवर ओरडलेला माणूस गप्प पडलेला बघवत नव्हता.

मी बाग सेवनियाला राहते, रविवारी बाबांकडे जाते. त्या रविवारी सकाळी पोचले तर वहिनी दारातच कुजबुजली, “तुम्हीच बघा आता काय ते. माझं तर कोणी ऐकतच नाही.”

बाबा कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसले होते. दोन्ही हात मांडीवर. उजवा हात कोणीतरी उचलून ठेवलेला दिसत होता. पडद्यावर त्यांचं अर्धं वाक्य होतं, बाण हलत नव्हता, निळं वर्तुळ जागच्या जागी थिजलेलं. दादा पलंगावर मोबाइल बघत बसला होता.

“काय चाललंय?” मी विचारलं.

“यांनी परत बिघडवला,” दादा म्हणाला. “सुरू होईपर्यंत बसायचं. हलायचं नाही. बसा बाबा, बरोबर बसा.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. घशातून काहीतरी आवाज काढला. मला कळलं नाही. वहिनीला कळलं असतं, पण ती स्वयंपाकघरात निघून गेली होती. मी खुर्चीजवळ गेले तेव्हा पायजमा ओला झालेला दिसला.

“दादा!”

“मग? यांचीच पद्धत आहे. मी वेगळं काही करत नाहीये.”

ते खरंच होतं. दादा शाळेत असताना घरातली इस्त्री बंद पडली होती. भर मे महिन्यात बाबांनी त्याला ती इस्त्री हातात धरून अंगणात उभं केलं. मशीन आपणहून बिघडत नाही, कोणीतरी बिघडवतं, असं ते सारखं म्हणत होते. शेजारपाजारचे येता-जाता बघत होते. दादाने हात लावला नव्हता, हे मला ठाऊक होतं. मी तेही सांगितलं, आणि मलाही त्याच्या शेजारी उभं केलं गेलं.

बाबांना धुऊन, कपडे बदलून मी पलंगावर निजवलं. मग कॉम्प्युटरसमोर बसले. मी एका खासगी कॉलेजच्या ऑफिसात आहे. तिथलीही मशीनं जुनीच, आणि ती अडकली की सगळे मलाच हाक मारतात. दादा बटण दाबून मशीन बंद करायला उठला, तेव्हा मी त्याचा हात बाजूला केला.

“थांब. असं बंद करू नको.”

“मी तर रोज असंच करतो.”

बऱ्याच वेळाने बाण हलला. मशीन आत काय करतंय त्याची यादी उघडली, तर डिस्क शंभर टक्के कामात दिसत होती, आणि काम चाललं होतं ते अपडेटचं. मागच्या अपडेटची यादी उघडली. एकच अपडेट, पुन्हा पुन्हा फसलेलं. सगळं लक्षात आलं. मशीन सुरू झालं की अपडेट आपोआप उतरायला लागायचं. डिस्क म्हातारी, त्यात दादाच्या लग्नाच्या आणि मुंजीच्या व्हिडिओंनी गच्च भरलेली. पडदा अडकायचा. दादा बटण दाबून धरायचा, अपडेट अर्धवट राहायचं, मशीन केलेलं सगळं उलटं फिरवायचं आणि दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. यात बाबांच्या बोटाचा काही संबंधच नव्हता.

व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घेतले. अर्धवट उतरलेल्या फाइली पुसल्या. अपडेट नव्याने लावलं आणि कोणालाही जवळ फिरकू दिलं नाही. दुपार त्यातच गेली. मशीन दोनदा आपणहून बंद होऊन सुरू झालं. शेवटी पडदा आला आणि बाण सुरळीत फिरायला लागला. बाबांच्या लिहिण्याच्या वेळात मशीनने स्वतःहून बंद-चालू होऊ नये, तेही लावून दिलं.

मी दादाला समोर बसवून हे सगळं समजावलं. तो ऐकत होता.

“म्हणजे बाबांनी काही केलेलं नाही,” मी म्हणाले.

“माहीत आहे मला.”

“काय माहीत आहे?”

“अरे यार, गोविंदपुऱ्यात कारखान्यातल्या माझ्या युनिटमध्ये असंच होतं. अपडेटमुळेच होतं. मीच तिथे सगळ्यांना सांगतो, बटण दाबू नका म्हणून.”

बाबा पलंगावरून आमच्याकडे बघत होते. त्यांना ऐकू सगळं येतं.

“त्या इस्त्रीची कॉइल आधीच जळलेली होती,” दादा हळूच म्हणाला. “संध्याकाळी यांनी स्वतः उघडून बदलली. मी खिडकीतून पाहिलं. मला एका शब्दाने बोलले नाहीत.”

बाबांनी डावा हात उचलून कीबोर्डकडे दाखवलं. मी त्यांना खुर्चीत बसवलं. वाटलं, आता लिहितील. इतक्या वर्षांनी का होईना, लिहितील. बोट एकेका अक्षरावर जाऊन थांबत होतं. दादाही मागे येऊन उभा राहिला. त्याचा श्वास माझ्या कानाशी ऐकू येत होता.

‘याला लहानपणापासून काहीच येत नाही. मुलीने केलं.’

दादाने ते वाचलं. परत एकदा वाचलं. मग हसला, अगदी मोकळं हसला, आणि वहिनीला ओरडून म्हणाला, “पानं घे गं!”

रात्रीचं जेवण बाबांना दादाच भरवायचा. वरणभात वाफाळता होता. तो घास निवू न देता, एकामागून एक तोंडात घालत होता. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, हनुवटीवरून वरण ओघळलं, पण ते गिळत राहिले. मी चमचा दादाच्या हातातून ओढून घेतला, घास फुंकून बाबांच्या तोंडाशी नेला.

त्यांनी ओठ घट्ट मिटले.

“बाबा, घ्या ना.”

मान फिरवली. दादाकडे बघत राहिले. दादाने माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी चमचा परत दिला, तेव्हा बाबांनी तोंड उघडलं.

पुढच्या रविवारी गेले. कॉम्प्युटर छान चालत होता, एकदाही अडकला नव्हता. पडद्यावर आठवडाभराची वाक्यं तशीच होती, सगळी दादाला उद्देशून, एकाहून एक विखारी. त्याने एकही पुसलेलं नव्हतं. माझ्याबद्दल त्यात कुठेच काही नव्हतं.