उजेड वळवणारा

माझ्या साळ्याइतका माणसाला हादरवून सोडणारा प्राणी अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा नसेल. नाचणगावच्या वांगी-मिरच्या पिकवणाऱ्या घरात जन्मला आणि धंदा काय निवडला, तर उजेडाचे अँटेना बनवणं! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातातला चहा नव्या पँटीवर सांडला होता. हे अँटेना सोन्याचे, पण डोळ्यांना दिसणारही नाहीत एवढे बारीक. काचेच्या चकतीवर असे असंख्य. उजेड पडला की त्यातला लाल निवडून डावीकडे धाडायचा, निळा उजवीकडे. गावाला यातला अँटेना तेवढा कळला, म्हणून हा सुट्टीत आला की लोक त्याला टीव्हीची छत्री फिरवायला गच्चीवर चढवतात, आणि हाही निमूट चढतो. पुलगावला मुलगी पाहायला गेलो, तर पठ्ठ्या मुलीऐवजी भिंतीवरच्या बल्बकडे टक लावून बसला. वर तिच्या वडिलांना म्हणतो, "काकाजी, तुमचा अर्धा उजेड वाया जाऊन राह्यला." सोयरीक अर्थातच फिसकटली.

मागे एका दिवाळीत मात्र कहर झाला. कैक वर्षं खपून बनवलेली एकुलती एक काच त्याने घरी आणली होती. सुट्टी संपली की ती मोठ्या लोकांना दाखवायची आणि त्यावर त्याची नोकरी ठरायची. डबीकडे कोणी नुसतं पाहिलं तरी हा खेकसायचा. लक्ष्मीपूजनाला घरातलं सगळं सोनं पाटावर मांडतात. सासूबाईंनी ती काचही मांडली, हळदकुंकू वाहिलं, वरून दूध शिंपडलं.

"माय, हे काऊन?" तो कसाबसा बोलला.

"सोनं हाये म्हनतेस नं? दिसत नाई म्हून का पूजा नाई कराची?"

आता घर डोक्यावर घेतो, म्हणून मी जीव मुठीत धरून उभा. त्याने काचेवर टॉर्च मारून पाहिला. लाल नाही, निळा नाही. उजेड नुसता पसरला. आणि हा बाबा चक्क आईच्या पाया पडला. म्हणाला, "चांगलं केलं माय."

ती नोकरी हुकली. मग त्याने पुन्हा खपून दुसरी काच केली आणि तिच्या जोरावर थेट परदेश गाठला. जुनी काच देव्हाऱ्यातच आहे. यंदाच्या दिवाळीलाही त्याचं येणं झालं नाही. काचेवर कुंकू वाहता वाहता सासूबाई मला म्हणाल्या, "जावईबापू, हे उजेडाले पाहिजे तिकडं वळवते म्हने. मंग माह्या पोराले एकदा इकडं काऊन नाई वळवत?"

मी पणतीत तेल घालत राहिलो.