आता शोधा, काका

चालता प्रोग्राम दिसला की मॅडमचा हात शिवशिवायचा. आपण घाम गाळून पडद्यावर चार अक्षरं उमटवावीत, आणि हिनं मागून येऊन, खांद्यावरून हात घालून, कुठला तरी एक कंस उडवून टाकावा. पडदा पांढराफटक. मग शांतपणे म्हणायची, "आता शोधा, काका." आणि पुढच्या पोराकडं निघून जायची.

पहिल्यांदा तिनं असं केलं तेव्हा मी बॅग उचलून निघालोच होतो. सरळ सांगतो, माझा स्वभाव तापट. वयानं ती माझ्या धाकट्या लेकीएवढी. मी म्हणालो, "मॅडम, शिकवायचं सोडून मोडताय काय?" ती म्हणाली, "मोडल्याशिवाय कळत न्हाय, काका. बसा." तुमच्याही वाट्याला असं एखादं माणूस आलं असेल. राग येतो आणि उठवतही नाही.

क्लास बारामतीत, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर. खाली दिवसभर ठोकाठोक चालायची आणि वर ही वेब पेजची भाषा शिकवायची, पीएचपी. बाकी सगळी कॉलेजची पोरं आणि त्यांच्यात मी एकटा पिकल्या मिशांचा. ती अंथुर्ण्याची. रोज स्कूटीवरून यायची, आमच्या सणसरवरूनच. फाट्यावर मी दिसलो की दोनदा हॉर्न वाजवायची, थांबायची मात्र नाही.

आता ह्या वयात मला ही उठाठेव कशाला, असं घरचेही विचारायचे. सांगतो. आमच्याकडं उपसा योजनेची पाणी सोसायटी आहे आणि मी तिचा सचिव. सचिव म्हणजे ज्याला सगळे फोन करतात तो. पाइपलाइन एक, शेतकरी पुष्कळ, म्हणून रोज एकाची पाळी. ज्याची पाळी त्यानं पाइपचा वाल, म्हणजे व्हॉल्व्ह, आपल्या रानाकडं फिरवायचा आणि दिवसरात्र पाणी घ्यायचं. उन्हाळ्यात एक पाळी हुकली की पुढची येईपर्यंत ऊस माना टाकतो.

कधीकाळी ह्याच पाळीवरून वालापाशी खोरी उगारली गेली होती. माझा थोरला भाऊ सोडवायला मधे पडला. त्याचा डावा हात तेव्हापासून खांद्याच्या वर जात नाही. मारणाऱ्यांनी नंतर पाय धरले, भावानंही मनात ठेवलं नाही. पण सदरा घालताना वहिनीला त्याची बाही धरावी लागते, ते मी रोज बघतो. म्हणून मला पाळीचं एक वेब पान हवं होतं. मोबाईलवर उघडलं की आजची पाळी कुणाची ते नाव दिसावं, आणि वालापाशी कुणी कुणाला विचारायची वेळच येऊ नये.

"करून घ्या की कुणाकडनं तरी," पोरं म्हणायची. करून घेतलं असतं. पण बिघडल्यावर करणारा कुठं सापडतो? पंप बिघडला तर निदान पान्हा तरी हातात धरता येतो.

मॅडमनं पहिल्याच दिवशी मला विचारलं, "लग्नात पंगतीला बसता का?" म्हटलं, बसतो. "पानात आमटी दिसती. आचाऱ्यानं तीत काय टाकलं ते दिसतं का?" म्हटलं, नाही. "मग झालं. मोबाईल म्हणजे पंगत. पीएचपी म्हणजे मांडवामागचा आचारी. तो तिकडं सर्व्हरवर रांधणार, पंगतीला फक्त आमटी जाणार." मग पडद्यावरच्या पानाची आतली बाजू उघडून दाखवली. आम्ही लिहिलेली एकही ओळ तिथं नव्हती, नुसता 'नमस्कार' होता. मला ते फार आवडलं.

डॉलरच्या चिन्हावरून मात्र आमचं वाजलं. नाव साठवायच्या प्रत्येक डब्याच्या आधी ते चिन्ह लावावं लागतं. मी म्हणालो, "आमच्या सणसरच्या पाण्याला डॉलर कशाला?" ती हसली नाही. "काका, डब्याला झाकण असतंय ना? ते झाकण हाय. वाद घालू नका, लावा." मी लावलं. न लावून करतो काय?

तिला कौतुक करता यायचं नाही. काम जमलं की ती फक्त "हं" म्हणायची आणि बोटं मोडायची. पाळीवाल्यांची नावं ओळीनं मांडून, पहिल्या पाळीपासून गेलेल्या दिवसांना नावांच्या संख्येनं भागून, बाकी उरेल ते आजचं नाव, असा हिशेब मी एकट्यानं बसवला, त्या दिवशी तिनं दोनदा "हं" म्हटलं. घरी जाऊन मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "बरं, आता जेवा."

पान सुरू झालं आणि खरंच फोन थांबले. उन्हाळा चढत होता, पण वालापाशी कुणी चढ्या आवाजात बोलत नव्हतं. भाऊसुद्धा सकाळी उठून मोबाईल बघायचा. फक्त एक खोड राहिली होती. पानावर वरच्या बाजूला मी घड्याळ टाकलं होतं आणि ते मागं चालायचं. गावातली पोरं टोमणे मारायची, "सचिव, तुमचं घड्याळ कुठल्या गावचं?" मॅडमला दाखवलं. ती म्हणाली, "सर्व्हर परदेशात हाय, त्याचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. एक ओळ टाका, भारताची वेळ लागंल." मी ओळ टाकली. घड्याळ बरोबर झालं. तिनं "हं" म्हटलं, बोटं मोडली, आणि मी ऐटीत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता भावाचा फोन आला. "वालावर ये. लवकर ये." एवढं बोलून त्यानं ठेवला.

जाऊन बघतो तर एका बाजूला सुभानआबा आणि त्यांची दोन पोरं, दुसऱ्या बाजूला त्यांचा पुतण्या दत्तू आणि त्याचे मेहुणे. हातात खोरी. दारं धरताना, म्हणजे सरीसरीला पाणी वळवताना, खोरं हातात असतंच, पण तेव्हा ते जमिनीला टेकलेलं असतं. इथं एकही टेकलेलं नव्हतं. आणि मधे उभा होता माझा भाऊ, एक हात पसरून.

"माझं पाणी मधनंच तोडलं ह्यानं," आबा म्हणाले. "रानात मी दारं धरतोय आन् सऱ्या कोरड्या. निम्मा ऊस तसाच राह्यला."

दत्तूनं मोबाईल माझ्यासमोर धरला. "तोडलं न्हाय, माझी पाळी घेतली. बारा वाजले, नाव बदललं. तुमचंच पान हाय सचिव. का आता खोटं म्हणताय?"

पानावर दत्तूचंच नाव होतं. हिशेब काल चालत होता, परवा चालत होता. मी मॅडमला फोन लावला आणि आबा-दत्तूचं सांगितलं. बाकीचं तिला माझ्या आवाजावरूनच कळलं असावं. "कुणाला वालाला हात लावू देऊ नका. निघाले मी," एवढंच म्हणाली.

ती येईपर्यंतचा वेळ मला अजून आठवतो. दत्तूचा एक मेहुणा पुढं सरकायचा, भाऊ त्याच्यासमोर सरकायचा. मी भावाला म्हणालो, "तू बाजूला हो." तो म्हणाला, "तू तुझं पान बघ."

स्कूटी आली. हॉर्न नाही, काही नाही. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, दत्तूच्या मोबाईलकडंही नाही. सरळ आबांसमोर जाऊन उभी राहिली. "आबा, तुमचा दिवस कधी बदलतो?"

आबांना वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. "म्हंजी? उजाडल्यावर. दुसरा कधी बदलंल?"

"आन् रात्री बारानंतर पाणी कुणाचं?"

"ज्याचं संध्याकाळी व्हतं त्याचं. तांबडं फुटंस्तवर त्याचंच. ह्यात काय इचारायचं?"

ती माझ्याकडं वळली, आणि तिचा चेहरा बघून मलाही उलगडलं. परदेशातलं घड्याळ साडेपाच तास मागं होतं, म्हणून त्याची मध्यरात्र आमच्या पहाटेला व्हायची. नाव नेमकं तांबडं फुटताना बदलायचं. इतके दिवस पान बरोबर चाललं ते चुकीच्या घड्याळामुळं. काल आम्ही घड्याळ सुधारलं आणि पाळी मध्यरात्रीवर नेऊन ठेवली.

"चूक माझी हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "ह्यात काकांचं काही न्हाय, दत्तूदादाचंबी न्हाय. मी शेतकऱ्याचीच पोरगी, माझ्या घरीबी दिवस उजाडल्यावरच बदलतो. कॉम्प्युटरपुढं बसले आन् विसरले. मला काय बोलायचं ते बोला." मग तिनं दोन्हीकडच्यांना विचारलं, "उजाडलं कधी धरायचं? हिवाळ्या-उन्हाळ्याला एकच वेळ सांगा." आबा म्हणाले, सहा. दत्तूनं मान हलवली.

तिनं लॅपटॉप पंपघराच्या कट्ट्यावर ठेवला आणि मला बसवलं. मी हळूच म्हणालो, "मॅडम, आज तुम्ही लिहा. माझ्याकडनं चुकलं तर खोरी चालतील." ती म्हणाली, "मी लिहिलं तर मी गेल्यावर ह्यांचा इश्वास बसणार न्हाय. सचिव कोण हाय?"

लिहिलं. घड्याळ भारताचंच ठेवलं, पाळी काढताना तेवढे सहा तास वजा केले. पान सर्व्हरवर चढवलं. दत्तूनं मोबाईलवर उघडलं.

पांढरंफटक.

"ह्यांनी तर पानच घालवलं," मेहुणा म्हणाला आणि खोरं उचललं. आबांची पोरंही पुढं आली. भाऊ दोघांच्या मधे एवढासा दिसत होता. मी मॅडमकडं बघितलं. तिला चूक दिसली होती, मला खात्री आहे. पण तिनं दोन्ही हात पाठीमागं बांधले, आणि क्लासात म्हणायची त्याच आवाजात, फक्त जरा हळू, म्हणाली, "आता शोधा, काका."

पहिल्यांदाच मला तिचा राग आला नाही. किती वेळा तिनं मला ह्या पांढऱ्या पडद्यापुढं बसवलं होतं. खालून वर बघायचं, शेवटी काय बदललं ते आधी तपासायचं. सहा तासांच्या ओळीत मी एक कंस उघडला होता आणि मिटायचा विसरलो होतो. मिटला. पान पुन्हा चढवलं.

दत्तूनं पुन्हा उघडलं. सहा वाजून गेले होते, म्हणून नाव त्याचंच होतं, पण आता ते बारापासूनचं नव्हे, उजाडल्यापासूनचं होतं. त्यानं मोबाईल खिशात टाकला. मग म्हणाला, "बारानंतरचं पाणी चुलत्याचं. त्यांचं भिजू द्या आधी, मग मी घेतो." आबांनी खोरं जमिनीला टेकवलं. भावानं उजव्या हातानं वाल फिरवला आणि पाणी आबांच्या रानातल्या दांडाला, पाटाला, लागलं.

मॅडम कट्ट्यावर खाली बसली. वहिनीनं चहा आणला. दोन घोट घेऊन ती म्हणाली, "हं." पण बोटं मोडली नाहीत.

पुढं तिला पुण्यात नोकरी लागली. चांगली नोकरी आहे, आनंदच आहे. जाताना फाट्यावर स्कूटी थांबवली, पहिल्यांदाच. म्हणाली, "काही मोडलं तर फोन करा, काका." मी व्हय म्हटलं. सुरुवातीला तीच फोन करायची. "काका, मोडलं का काही?" "न्हाय मॅडम, चाललंय." "मग बरं." चालत असलेल्या कामात बोलायला काय असतं? फोन कमी होत गेले. वर्गाच्या जागी आता दुकानाचं गोदाम झालंय.

पान अजून चालतं. रोज सहाला नाव बदलतं आणि ज्याची पाळी तो वालावर जातो. भाऊ आताशा मोबाईल बघतसुद्धा नाही, अंगणात निवांत चहा पितो. फाट्यावर स्कूटीचा हॉर्न वाजला की मी मात्र मान वर करतो. मला तिची फार आठवण येते, त्यात लाजायचं काय?

परवा घरी बसून मी त्या पानाची एक प्रत काढली, गावाच्या पानाला धक्का लागणार नाही अशी. त्यातला एक कंस उडवला. पडदा पांढरा झाला. कंस कुठला गेलाय ते मला माहीत होतं. तरी जरा वेळ शोधत बसलो.