अप्राकूच्या तोंडून आलं तेच खरं

"लॉरी माझी आहे, सुटेल तेव्हा सुटेल!"

"आणि टोमॅटो काय तुझ्या बापाची वाट बघणार?"

टेचिमानच्या बाजारात माझी मावशी आणि लॉऱ्यांचा मालक बेदियाको असे भांडत होते, तेव्हा मी पेट्यांमागे लपून ऐकत होते. टोमॅटो आम्हा बायकांचे, लॉऱ्या त्याच्या. धंदा भागीत, पण हुकूम कुणाचा ते ठरलंच नव्हतं. शेवटी दोघांनी लॉऱ्यांवर नावं रंगवणाऱ्या अप्राकूला मध्ये घातलं. एकाने दुसऱ्याच्या माणसाला काही सांगायचं नाही, सांगायचं ते अप्राकूला. दोघं एकाच झाडाखाली दहा पावलांवर बसत, सगळं ऐकू येई. पण अप्राकूच्या तोंडून आलं नाही, ते बोललंच गेलं नाही, असा आमचा रिवाज.

मावशी गेल्यावर बायकांची मुखत्यारी माझ्याकडे आली. दोन इयत्ता शिकलेली मी, स्वतःला फार शहाणी समजायचे. म्हटलं, हा म्हातारा उगाच कशाला चपला झिजवतो? थेट बेदियाकोच्या ड्रायव्हरवरच ओरडले, "काढ गाडी!"

त्याने चावी खिशात टाकली. बेदियाकोने सगळ्या लॉऱ्या उभ्या केल्या. दुसऱ्या दुपारी माझ्या नव्वद पेट्यांखालून लाल पाणी वाहू लागलं. भागी तुटली असती तर आम्हा चाळीस जणींनी खायचं काय? बायका अशा बघायला लागल्या की मी डोक्याचा रुमाल तोंडावर ओढला.

"अप्राकूकाका," मी फणकारले, "त्या गाढवाला सांगा, चुकलं माझं!"

माफी मागताना द्यायची जिनची बाटली घेऊन काका बेदियाकोकडे गेले. "बाई म्हणतात, वाट ठाऊक नव्हती तर विचारायला हवं होतं."

"त्या टवळीला म्हणावं, अक्कल आली असेल तर पेट्या भर!"

काका परत आले. "ते म्हणतात, बायकामाणसाच्या जिभेचा राग कोण धरतो? पेट्या भरा."

मी मोठ्या मनाने त्याला माफ केलं. माफी मी मागत होते, हे घरी गेल्यावर लक्षात आलं.

काका शेवटचे आले ते गेल्या फेब्रुवारीत. श्वास पुरत नव्हता, हातात काठी.

"त्यांना सांगा काका, माल कच्चा आहे, उद्या भरू. डोळे फुटलेत का त्यांचे?"

"तिच्या दातांपेक्षा बरे आहेत म्हणावं माझे डोळे! उद्या तर उद्या!"

काका वळले. मध्ये एकदा थांबले, मग आले. "ते विचारतात, जेवलात का? गाडी उद्या."

"फुफू खाल्लं म्हणावं," मी म्हटलं.

काका काठी टेकत पुन्हा तिकडे निघाले.