मौला मिस्त्रींनी माझी चाकं काढली

मौला मिस्त्री गेले, आणि मला ते चाळीस दिवसांनी कळलं.

उशिरा लिहितोय, माफ करा. नळदुर्गहून आलेल्या पाहुण्यानं चहा पिता पिता सहज सांगितलं. माझा चहा तसाच राहिला.

माझी चौथी निजामाच्या राज्यात उर्दूत झाली. मराठी मागाहून शिकलो. फोनवर लिहायला तर नातीनं शिकवलं. कुठं चुकलं तर समजून घ्या.

संस्थानाच्या विलीनीकरणाला दहा-बारा वर्षं झाली असतील. मी नळदुर्गच्या स्टँडवर टॅक्सी चालवायचो. लष्कराच्या लिलावातली जुनी गाडी. स्टेअरिंग डाव्या बाजूला. चढावर माझ्यापेक्षा जास्त धापा टाकायची.

नवरात्रात कर्नाटकाकडचे लोक नळदुर्गला उतरायचे आणि टॅक्सीनं तुळजापूरला जायचे.

रांगेत पहिला नंबर कुणाचा, यावरून दरवर्षी भांडण. मग स्टँडनं एक रीत पाडली. घटस्थापनेच्या सकाळी हैद्राबाद रोडवर दोन फर्लांग, म्हणजे पाव मैल, शर्यत. जिंकला त्याचा नऊ दिवस पहिला नंबर.

पण एक अट होती. माणसं बसली आणि गाडी लगेच निघाली नाही, तर नंबर गेला.

तीन वर्षं स्टँडवरचा शरणप्पा जिंकत होता. मी शेवटचा. शरणप्पा हसून म्हणायचा, "दत्तू, तुझी गाडी देवीला पोचंस्तवर दसरा होतोय बघ."

त्या वर्षी मला जिंकायचंच होतं. मी मागं मोठे, जाड नक्षीचे नवे टायर बसवले. चाक मोठं तर गाडी एका फेऱ्यात जास्त पळणार, असा माझा हिशोब.

मौला मिस्त्रींचं गॅरेज स्टँडच्या मागं होतं. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. ते गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "क्या रे दत्तू, ही चाकं हायत का हत्तीचे पाय?"

"मोठं चाक जास्त पळंल की, मिस्त्री."

"पळंल. पर आधी उठू तर दे! तू सुटंस्तवर शरणप्पा पानबी खाऊन घेतोय."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि मला दोन फर्लांग गाडी पळवायला लावली. एकतीस सेकंद.

मग आठ दिवस त्यांनी गाडी सोलली. स्टेपनी काढली, बंपर काढला, मागची सीट काढली. प्लग घासले, टायमिंग बसवलं, कार्बोरेटर उघडून धुतला. सत्तावीस.

शेवटी माझे नवे टायर काढून मागं दोन बारके, गुळगुळीत झिजलेले टायर लावले. हवासुद्धा कमी ठेवली.

"कोरड्या डांबरावर हेच धरतंय," ते म्हणाले. "पर ऐक. शर्यत झाली की ही चाकं माझी. ह्याच्यावर माणूस बसवायचा न्हाय."

"व्हय, मिस्त्री."

"देवीची शपथ?"

"घेतली की."

पंचवीस सेकंद.

घटस्थापनेला मी शरणप्पाला अर्ध्या गाडीनं मागं टाकलं. पोरांनी टोप्या उडवल्या. शरणप्पानं स्वतः येऊन माझी पाठ थोपटली.

स्टँडवर आलो तर माणसं उभीच. मी घाईनं सीट बसवली. नऊजण बसले, त्यात एक बाळंतीण, मांडीवर बाळ.

चाकांचं माझ्या ध्यानात होतं. विसरलो, असं आजवर लोकांना सांगत आलो. खरं नाही ते. मी म्हटलं, एकच खेप.

मिस्त्री गॅरेजातून आले आणि त्यांनी मागच्या चाकापाशी जॅक लावला.

"उतरा आई, उतरा समदे. गाडी तयार न्हाय."

"मिस्त्री, माझा नंबर जातोय!"

"जाऊ दे."

माणसं शरणप्पाच्या गाडीत बसली. नऊ दिवसांचा नंबर तिथंच गेला.

आणि मी सगळ्या स्टँडसमोर ओरडलो, "शरणप्पानं तुम्हाला किती दिले?"

मिस्त्रींनी वर पाहिलंसुद्धा नाही. "चाकं लावून देतो. मग बोल," एवढंच म्हणाले.

माझे टायर बसवून दिले. मी शेवटच्या नंबरला जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गॅरेजातून धडाम आवाज आला. सगळे पळाले, मीही.

मिस्त्रींनी त्या झिजलेल्या टायरात नऊ माणसांना लागते तेवढी हवा भरली होती आणि चाक भिंतीला टेकवून उन्हात ठेवलं होतं. टायर फाटून उलटा झाला होता. भिंतीचा गिलावा पडला होता.

लोकांनी विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "काय न्हाय, जुना टायर हुता." माझं नाव घेतलं नाही.

लोक गेल्यावर मला म्हणाले, "बस, भाकरी खा."

मी खाल्ली. पण माफी मागितली नाही.

तोंडापर्यंत यायची आणि राहायची. पुढं चाळीस वर्षं गाडी चालवली. एकही माणूस माझ्या गाडीत जखमी झाला नाही. हे सगळं मिस्त्रींचं देणं. दर खेपेला चाक हातानं चाचपल्याशिवाय निघालो नाही. अजून मुलाच्या स्कूटरचं चाचपतो, तो वैतागतो.

म्हातारपणी मिस्त्री लेकीकडं, शमीमकडं, सोलापूरला गेले. मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात जाऊ. कधी गुडघे, कधी पाऊस, कधी उगीचच भीती, की ते दारातच विचारतील, आता बोल.

मिस्त्री, माझं चुकलं. तुम्ही कुणाचं काही घेतलं नव्हतं. मला ते तेव्हाच माहीत होतं.

शमीम बेटी, तू लहान असताना माझ्या गाडीचा हॉर्न वाजवायचीस. हे तुझ्यापर्यंत पोचलं तर अब्बांना कुठं दफन केलंय ते सांग, नळदुर्गला की सोलापूरला? आणि माझा तो 'किती दिले' हा शब्द त्यांनी घरी कधी काढला होता का, तेही सांग. काढला असेल तरी खरं सांग.

कुणी तिला ओळखत असेल तर हे दाखवा. मी अठ्ठ्याऐंशीचा आहे. दोन ओळी का होईना, पण लवकर कळवा.